कुसुमकाकू आर्क्टिक वृत्ताकडे निघाल्या

प्रवासाचे फोटो लोक एकदाच बघतात, तेही जेवण वाढायला वेळ असेल तर. किस्से मात्र पुन्हापुन्हा मागून घेतात! इथं अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीत सध्या कुठल्याही पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं की कोणीतरी म्हणतंच, "ते बोटीवरचं सांग ना, यार!" मग मी सांगायला लागते, माझा नवरा मिलिंद मधेमधे दुरुस्त्या करतो आणि दर वेळी त्यात थोडी भर पडत जाते.

बोट म्हणजे अलास्कातली एक्स्पिडिशन क्रूझ. कॅसिनो नाही, डान्स नाही. बेरिंग समुद्रातून उत्तरेकडे जायचं, वाटेत निर्मनुष्य बेटांवर रबरी बोटीनं उतरायचं आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून परत फिरायचं. आम्ही पाच जण होतो. मी, मिलिंद, आमचे शेजारी श्रीकांतकाका, मिलिंदच्या ऑफिसातला निखिल आणि निखिलची आई, कुसुमकाकू.

काकू नागपूरच्या. आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर पृथ्वी काढायची, वरच्या टोकाशी एक तुटक रेघ ओढायची आणि सांगायचं, "मुलींनो, हे आर्क्टिक वृत्त." निघायच्या आधी मला म्हणाल्या, "किती वेळा ओढली ती रेघ! आता एकदा तिच्या पलीकडे जमिनीवर उभं राहायचं आहे. नुसतं बोटीत बसून ओलांडली, तर मी ते धरणार नाही."

ट्रिप निखिलनंच बुक केली होती. पण मधल्या काळात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानं जाहीर केलं, की आई मोठ्या बोटीवरून खाली उतरणार नाही. रबरी बोटीतून घोटाभर पाण्यात पाय टाकायचा, मग दगडगोट्यांवरून चालायचं, हे त्याला मंजूरच नव्हतं. काकू एवढंच म्हणाल्या, "बघू." शाळेतल्या बाईंचं 'बघू' त्यानं इतकं हलक्यात घ्यायला नको होतं.

*

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी सवयीनं बूट-चपला केबिनच्या दाराबाहेर काढल्या. जेवून येतो तर सगळं गायब! साफसफाई बघणाऱ्या बाईंना वाटलं, पॉलिशला ठेवलंय. सकाळी सगळे जोड चकचकीत होऊन परत आले. श्रीकांतकाकांची रबरी स्लिपरसुद्धा!

समोरच्या केबिनमधल्या ॲन आर्बरच्या अमेरिकन जोडप्यानं हे पाहिलं आणि त्यांनीही आपले बूट बाहेर ठेवले. मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. दोन दिवसांत अख्ख्या कॉरिडॉरमध्ये सत्यनारायणाला जमल्यासारखा चपलांचा ढीग झाला. शेवटी कॅप्टननं स्पीकरवरून विनंती केली, की ही इमर्जन्सीची वाट आहे, कृपया बूट खोलीत ठेवावेत.

श्रीकांतकाका हताश झाले. "बूट खोलीत? आणि म्हणे स्वच्छ लोक!"

*

त्या बेटांवर बाहेरचं एकही बी जाऊन रुजू नये, म्हणून उतरण्याआधी सगळ्यांचे कोट आणि खिसे व्हॅक्युम करतात. आमची एक्स्पिडिशन लीडर केरन या बाबतीत भलतीच कडक होती. श्रीकांतकाकांचा एक खिसा उलटा केला तर बडीशेप निघाली! दुसऱ्यात धनाडाळ, आतल्या खिशात तीळ आणि ओवा. केरन चिमटा घेऊन एकेक दाणा वेचायला लागली. मागे रांग वाढत गेली.

काका कळवळून म्हणाले, "अहो बाई, भाजलेली आहे! उगवणार नाही!"

मिलिंदनं भाषांतर करून सांगितलं. केरननं क्षणभर विचार केला. "मग खाऊन टाका," ती म्हणाली.

आम्ही सगळे तिथंच उभे राहून बडीशेप चघळायला लागलो. रांगेतले शुगर लँड गावचे एक डॉक्टर पुढे आले आणि त्यांनीही निमूटपणे हात पसरला.

*

निखिल प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याला सगळीकडे रिस्क दिसते. डेकवर काकू जिथं जातील तिथं हा त्यांचं कोपर धरून उभा. काकू जिन्याकडे वळल्या की हा दोन पायऱ्या खाली जाऊन हात पसरून थांबायचा, कॅच घ्यायला थांबल्यासारखा! एका सकाळी बोटीच्या अगदी शेजारी एक व्हेल वर आली. सगळे ओरडले, कॅमेरे सरसावले. माझ्याकडे त्या क्षणाचा फोटो आहे. व्हेलची अख्खी शेपटी पाण्याबाहेर, काकू टाळ्या वाजवतायत आणि निखिल काकूंच्या पावलांकडे बघतोय.

अजून विचारतो, "तुम्हाला खरंच दिसली का व्हेल?"

*

वॉलरस बघायला रबरी बोटीतून गेलो, तेव्हा केरननं बजावलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. इंजिन बंद केलं. समोर किनाऱ्यावर वॉलरसांचा मोठा कळप लोळत पडला होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. एवढ्यात मागून आवाज आला. चर्रर्र!

श्रीकांतकाकांनी चिवड्याचं पाकीट फोडलं होतं. केरनच्या तपासणीतून ते कसं सुटलं, देव जाणे. एका वॉलरसनं मान वर केली, मग दुसऱ्यानं. मग सगळा कळप सुळे रोखून आमच्याकडे बघायला लागला. केरननं जी नजर टाकली ती त्याहून भयंकर होती.

काकांचा हात पाकिटात होता. बाहेर काढला तर पुन्हा आवाज होणार! पुढचा सगळा वेळ ते हात तसाच आत ठेवून बसले. नंतर म्हणाले, "बोटांना शेंगदाणे लागत होते गं, पण काय करणार!"

*

आम्ही बेटांवर भटकत असताना काकू काय करायच्या, हे निखिल सोडून सगळ्यांना माहीत होतं. रबरी बोटीत चढण्या-उतरण्याचा एक नियम असतो. नावाड्यानं आपलं मनगट धरायचं, आपण त्याचं. रिकाम्या रबरी बोटी मोठ्या बोटीला परत येऊन लागल्या, की काकू हँक नावाच्या नावाड्याकडून ते शिकत होत्या.

पहिल्या दिवशी पंचाईत झाली. हँकनं हात पुढे केला, तर काकूंनी आधी रीतसर नमस्कार केला. मग हँकनंही गडबडीनं हात जोडले. बोट हलतेय, दोघं हात जोडून उभे आणि कोणीच कोणाला धरलेलं नाही! वरून केरन ओरडली, "आधी धरा! नमस्कार नंतर!"

तेव्हापासून काकू आधी मनगट धरायच्या आणि बोटीत बसल्या की नमस्कार करायच्या. हँक इतर प्रवाशांनाही नमस्कार करायला लागला होता.

*

आर्क्टिक वृत्त ओलांडलं तेव्हा कॅप्टननं भोंगा वाजवला. सगळ्यांनी डेकवर ग्लास उंचावले. काकूंनी ग्लास हातातसुद्धा घेतला नाही. "जमीन कुठं आहे?" त्यांनी केरनला विचारलं. जमीन समोर होती, ट्रिपमधला शेवटचा किनारा. आणि निखिल त्या सकाळी बोट लागू नये म्हणून गोळी घेऊन केबिनमध्ये गाढ झोपला होता.

केरन जरा अडखळली. "तुमचा मुलगा नको म्हणाला होता."

"तो माझा मुलगा आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी त्याची मुलगी नाही."

बोटीवर नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना जिना चढायला-उतरायला लावला, गुडघा तपासला आणि मान डोलावली. हँकनं मनगट धरलं. किनाऱ्याशी आल्यावर काकूंनी पाय बाहेर टाकले, पाण्यात उतरल्या. एक गोटा निसटला, त्या कलल्या. मिलिंदनं दुसरीकडून आधार दिला आणि त्या सावरल्या. पाण्याबाहेर येऊन कोरड्या वाळूवर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. मला तर सरळ रडूच फुटलं.

तेवढ्यात केरनच्या हातातला रेडिओ खरखरला.

निखिल जागा झाला होता. केबिन रिकामी बघून तसाच डेकवर धावत आला होता आणि तिथल्या कोणाकडून तरी त्यानं रेडिओ घेतला होता. "आई! तू तिथेच थांब! अजिबात हलू नकोस! मी येतोय!"

हा रेडिओ कॅप्टनपासून प्रत्येक नावाड्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जात होता. केरनला मराठी कळण्याचं कारणच नव्हतं. तिनं तो काकूंच्या हातात दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

काकूंनी आधी तिची दुर्बीण मागून घेतली. डोळ्यांना लावून बोटीकडे नीट बघितलं. मग बटण दाबलं.

"निखिल! उघड्या डोक्यानं काय करून राहिला तिथं? आधी टोपी घाल!"

लांब डेकवरचा तो ठिपका क्षणभर तसाच उभा राहिला. मग आत गेला आणि टोपी घालून बाहेर आला.