तीजाची सुटी

"आपको जीबीएस है," डॉक्टर म्हणाले, आणि मी मागे वळून पाहिलं. वाटलं, दुसऱ्याच कोणाला सांगताहेत. मागे कोणी नव्हतं.

"साथ में कौन है?"

"कोई नहीं। रिक्शे से आई हूँ।"

जीबीएस म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम. रोगांशी लढणारी शरीराची फौज आपल्याच नसांवर उलटते आणि पायांपासून वर वर ताकद जात राहते. माझ्या तळपायांना मुंग्या आल्या तेव्हा मी शहाणपणा करून चप्पल बदलली. तुम्ही तसं करू नका. मुंग्या वर चढू लागल्या की सरळ दवाखाना गाठा.

कण्यातलं पाणी काढून तपासलं. नसांना विजेचे झटके देऊन एनसीव्ही नावाची तपासणी केली. मग आयव्हीआयजी, म्हणजे इतरांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचं सलाईन. मुलगा बंगळुरूहून आला, रजा संपली, गेला. त्याचा दोष नाही. पण रायपूरच्या समता कॉलनीतल्या माझ्या घरी स्ट्रेचरवरून आले, तेव्हा दार शेजारच्या भाभींनी उघडलं.

"ताकत लौटेगी, पर धीरे-धीरे," डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आजाऱ्यांसाठी बाया पुरवणाऱ्या एजन्सीनं दिवसासाठी रामेश्वरी दिली. महासमुंदकडची, चाळिशीची, लग्न होऊन रायपुरात आलेली. ती मला भरवायची, एकेक बोट वाकवून सरळ करायची आणि सतत बोलायची. घरात तेवढाच एक आवाज होता. सकाळी यायची ती अंधार पडल्यावर जायची.

मग अटेंडंट बायांनी एकजूट करून एजन्सीकडून नवे नियम करून घेतले. बाराऐवजी आठ तासांची ड्युटी, पगार तोच, आठवड्याला सुटी आणि तीजाच्या सणाला पगारी रजा. ही बातमी पेपरात वाचली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे टाळीला हातच उचलवत नव्हते आणि माझी संध्याकाळ गेली होती. रात्रीची बाई येईपर्यंत मी आणि टीव्ही. रिमोट पडला की धानाच्या किडींवरचा कार्यक्रम शेवटपर्यंत पाहायचा.

भादवा लागला तशी रामेश्वरी म्हणाली, "मां जी, ए दारी तीजा बर मइके जाहूँ।"

यंदा तीजाला माहेरी जाणार! इतकी वर्षं रायपुरात काढून मी तीजा म्हणजे आपली हरतालिकाच धरून चालले होते. दिवस तोच, उपास तोच. म्हटलं, "इथंच कर ना. वाळू मागवते, दोघी मिळून पूजा करू."

ती हसली. "उपास त इहाँ घलो हो जाही मां जी। फेर मइके?"

उपास कुठेही होतो, माहेर कुठेही होत नाही. तीजाला भाऊ न्यायला येतो, आदल्या दिवशी आई कारल्याची भाजी-भात जेवू घालते, नवी साडी देते. रामेश्वरी कित्येक वर्षं गेली नव्हती, कारण खाडा झाला की काम जायचं. भाऊ येऊन परत जायचा. आईनं दरवर्षीची साडी पेटीत ठेवली होती.

एजन्सीच्या मॅनेजरचा फोन आला. "मैडम, पेशेंट मना करे तो छुट्टी रुक सकती है।"

मुलगा म्हणाला, "माँ, मना कर दो ना। बाद में चली जाएगी।"

"तुले काय समजते तीजाचं?" मी फोनवर खेकसले. खरं तर मलाही नाहीच म्हणायचं होतं. मला ती हवी होती. तिच्याशिवायच्या घराची मला भीती वाटत होती. दुपारभर तिच्याशी अबोला धरला. पण रात्रभर पेटीतल्या त्या साड्याच आठवत राहिल्या. सकाळी सांगितलं, "जा. सगळ्या साड्या घेऊन ये."

बदलीवर आलेली पोट्टी सगळं नीट करायची, फक्त बोलायची नाही. हरतालिकेच्या दुपारी ती बाल्कनीत मोबाईलवर होती. वर्ध्याचा भाऊ वारला, माहेरचं घर विकलं, तेव्हापासून मला कोणी न्यायला आलेलं नाही, हे पडल्या पडल्या आठवलं आणि मी रडले. पाणी कानात गेलं. पुसायला हात उचलला. तो अर्ध्यात थांबला, मग कानापर्यंत पोचला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बघायला कोणी नव्हतं.

रामेश्वरी परतली ती नव्या साडीत. डब्यात ठेठरी होती, बेसनाची, तळलेली.

"दाई कहिस, जे बेटी तीजा में नइ आ सकय, ओकर बाँटा भेजे जाथे।"

तिची आई म्हणाली होती, जी लेक तीजाला येऊ शकत नाही, तिचा वाटा पाठवतात. ती भरवायला वाकली. मी तिच्या हातातून ठेठरी घेतली आणि आपल्या हातानं तोंडाशी नेली. रामेश्वरी पदरात तोंड लपवून रडायला लागली.

तिची वेळ संपली. एरवी मी उशी सरकव, पाणी दे असं काही काढून तिला थांबवत असे. त्या दिवशी म्हटलं, "बेरा होगे. जा, घरी वाट पाहत असतील."

ती जाताना डबा माझ्या मांडीवर ठेवून गेली. संध्याकाळ लांबलचक होती. ठेठरी दाताला कडक होती, पण माहेरची होती.