सभागृहात मासे शिकवू नयेत

जी भाषा आपली नाही ती, ज्यांची आहे त्यांनाच शिकवायला निघालेल्या माणसांचं कधी संमेलन भरलंच, तर त्याचं अध्यक्षपद बिनविरोध माझ्या मावसभावाकडे जाईल. विरोधात उमेदवार उभा राहिलाच, तर अध्यक्षाला बंगालीत काय म्हणतात हे हा त्याला आधी समजावून सांगेल, तेही तक्त्यासकट. माणूस अस्सल पनवेलचा. जन्म पनवेलचा, शाळा पनवेलची, नोकरी उरणच्या बंदरात, निवृत्तीनंतरचा फ्लॅट रोडपालीत. बंगालला गेला तो उभ्या आयुष्यात दोनदा, एकदा लग्नानंतर सासुरवाडीला आणि एकदा सासऱ्यांच्या दिवसांना. तरीही गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा तो आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये आसपासच्या बंगाली कुटुंबांतल्या बारा मुलांना बंगाली भाषा आणि संस्कृती शिकवतो. मुलांचे आईबाप ह्याला तयार कसे झाले, असं मला पुष्कळजण विचारतात. रविवारी सकाळी दीड तास मुलं दुसरा कोणी सांभाळणार असेल, तर तो कोणत्या भाषेत सांभाळतो ह्याची चौकशी करणारा बाप अजून जन्मायचा आहे.

दादाचा, म्हणजे ह्या मावसभावाचा, शिकवण्यावर फारसा विश्वास नाही. त्याचा सगळा विश्वास शैक्षणिक साहित्यावर. "साधनं हवीत रे, साधनं! मूल ऐकून शिकत नाही, बघून शिकतं," असं तो म्हणतो, आणि हे सांगताना समोरच्याला एक शब्दही बोलू देत नाही. निवृत्तीचा निरोपसमारंभ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने लॅमिनेशनचं यंत्र घेतलं. आठवडाभरात घरातली एकूण एक वस्तू बंगाली झाली. दारावर चिठ्ठी, खिडकीवर चिठ्ठी, आरशावर इतकी मोठी चिठ्ठी की भांग पाडायला शेजारी जावं लागे. गॅसची टाकी बदलायला आलेल्या माणसाने टाकीवरची बंगाली अक्षरं पाहून ही धोक्याची सूचना असावी अशा समजुतीने हात मागे घेतला होता. डब्यांवरही अशाच चिठ्ठ्या होत्या. वहिनींनी मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता मुगाच्या डब्यात उडीद आणि उडदाच्या डब्यात पोहे भरून ठेवले. त्या घरात बंगाली वाचता येणाऱ्या दोन माणसांपैकी एक वहिनी, हे इथेच सांगून टाकतो.

मग प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवण्याची लाट आली. माशाच्या अवयवांची बंगाली नावं शिकवायची म्हणून दादा मला घेऊन उरणला गेला आणि दोन हातांत मावेल एवढा हिलसा शोधून काढला. कोळीणबाईंनी परोपरीने सांगितलं, "दादा, नका घेव. ह्यात काटंच लय. आमी खात नाय हा." दादा हर्षभरित होऊन माझ्याकडे वळला. "ऐकलंस? 'आमी' म्हणाली! बंगालीत 'मी'ला 'आमी'च म्हणतात. ह्या बाईंना निम्मं बंगाली येतंय!" बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ह्यांना घरी नीट न्या. पुढच्या रविवारी तो मासा बंद हॉलमध्ये, पंख्याखाली, दीड तास शिकवला गेला. डोकं झालं, कल्ले झाले, शेपटीपर्यंत येईतो चार मुलं नाकाला रुमाल लावून बाहेर गेली होती. सोमवारी पहाटे त्याच हॉलमध्ये प्राणायाम करायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांनी पहिला दीर्घ श्वास घेतला आणि दुसरा घेतला नाही. संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सहीची सूचना लागली: 'सभागृहात मासे शिकवू नयेत.' माझ्या माहितीत महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही सोसायटीला अशी सूचना काढावी लागलेली नाही.

मासे बंद झाल्यावर मिठाई आली. बंगाली संदेश कसा दिसतो हे दाखवायला दादाने शंखाचे आणि माशांचे लाकडी साचे मागवले आणि त्यांत पनवेलच्या बाजारातले पेढे दाबून बसवले. एका मुलाच्या वडिलांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "दादा, ये तो पेढा है." दादा म्हणाला, "लेकिन साचा बंगाली है!" त्या गृहस्थांनी उरलेला तुकडा मुलाच्या हातात दिला. त्यानंतरचा चित्रकार्डांचा उद्योग मी अजून विसरलेलो नाही. विशेषणं शिकवायला माणसांचे फोटो हवेत म्हणून दादाने आमच्या घरचे अल्बम पळवले. 'उंच'साठी माझा मेव्हणा, 'प्रेमळ'साठी माझी आई, आणि 'आळशी'साठी, कुणालाही काही न विचारता, दुपारी खुर्चीत पेंगणारा मी. बंगालीत आळशाला 'अलोश' म्हणतात. दोन वर्षांत त्या बारा मुलांच्या पक्कं लक्षात राहिलेला हा एकच शब्द असावा, कारण कळंबोलीच्या भाजीबाजारात भर गर्दीतून मला "अलोश काका!" अशा हाका येतात. साधनाची परिणामकारकता ह्याहून अधिक काय सिद्ध व्हायची?

ह्या सगळ्या कारखान्यापासून शंभर हात दूर असायच्या त्या आमच्या वहिनी. वहिनी बंगाली. वडील उरणच्या गॅस प्रकल्पात बदलून आले तेव्हा ही कॉलेज संपवून आलेली मुलगी त्यांच्याबरोबर आली, आणि पुढे आमच्या दादाशी लग्न करून इथलीच झाली. आज त्यांचं मराठी ऐकून कोणी त्यांना बंगाली म्हणणार नाही. मावशीच्या हाताखाली तयार झालेली बाई. आमटीला चिंच किती हे त्या माझ्या बायकोला सांगतात, आणि मासळीवाल्या बाईंशी तर, "काल दिलास तो बोंबील निस्ता पानी व्हता, आज नाय घेनार," असं ठणकावतात. दादा दर रविवारी निघताना दारात घुटमळायचा. "येतेस का? नुसती बस. उच्चार तेवढे तपास." वहिनींचं उत्तर ठरलेलं, "मला वरण टाकायचंय." वरण टाकायला दीड तास लागत नाही हे त्यांना माहीत होतं आणि दादालाही.

आता ह्यामागची गोष्ट. ती सांगताना मला माझी टिंगल थोडी आवरती घ्यावी लागते, कारण त्या गोष्टीत मीही आहे. तीस वर्षांपूर्वी दादाची मुलगी बोलायला लागायच्या वेळेस वहिनी तिच्याशी बंगालीत बोलायच्या. एका दुपारी पनवेलच्या घरी आम्ही सगळे बसलो असताना दादा म्हणाला, "घरात एकच भाषा ठेव. पोर गोंधळेल." मावशीने दुजोरा दिला. मी त्या काळी बालमानसशास्त्रावरचा एक लेख अर्धा वाचला होता, त्यामुळे मी तर जोरात मान डोलावली. वहिनी "बरं" म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या घरात बंगाली बंद झालं. माहेरच्या फोनवर काय बोलणं व्हायचं तेवढंच, तेही गॅलरीचं दार लोटून घेऊन. पुढे मुलगी दहावीत असताना वहिनींची आई महिनाभर राहून गेली. म्हातारी रोज नातीचे केस विंचरायला बसायची आणि तासभर काहीतरी सांगत राहायची. नात शहाण्यासारखी "हो आजी, हो आजी" म्हणायची. एकदा तिने आईला विचारलं, "आजी एवढं काय सांगते गं?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही. केसांची काळजी घे म्हणते." दादा तिथेच पेपर वाचत होता. त्यानंतर म्हातारी पुन्हा आली नाही. मुलगी आता नागपूरला असते, आणि आजी काय सांगत होती हे तिला आजवर कळलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वर्गावर गंडांतर आलं. मुलांना दोन वर्षांत 'अलोश'पलीकडे काही येत नाही हे आईबापांच्या ध्यानात आलं होतं, आणि कोलकात्याहून कुणी बाई संगणकावर शिकवतात असा शोधही लागला होता. त्यांनी नम्रपणे सुचवलं, की आम्ही एक रविवार येऊन वर्ग बघतो आणि मग ठरवू. तो रविवार दादाने स्वतः निवडला. सरस्वतीपूजेचा! मंडळी हॉलमध्येच पूजा करणार होती, तिच्यानंतर लगेच वर्ग. "विद्येची देवता साक्षीला," दादा म्हणाला. चाळीस माणसांचा खिचडीचा प्रसाद करायचा होता, आणि एवढ्या मापाचा स्वयंपाक येणारं माणूस त्या सगळ्यांत एकच होतं. वहिनी म्हणाल्या, "खिचडी करून आणीन. वाढीन आणि येईन."

सकाळी माझ्या गाडीत साहित्य भरताना मी दादाला म्हटलं, "एवढं कशाला घेतोस जिवाला लावून? शिकवू दे की त्या कोलकात्याच्या बाईंना." दादा हातातला गठ्ठा गाडीवर टेकवून उभा राहिला. "अरे, मला काय त्या पोरांचं पडलंय? ती बोलायची थांबली ती माझ्यामुळे. तोंडाने कसं सांगू की आता बोल म्हणून? मला वाटलं घरभर चिठ्ठ्या लावल्या, चुकतमाकत वर्ग घेतला, तर एक दिवस चिडून तरी माझ्यावर बंगालीत ओरडेल. वर्ग गेला तर मी कुठल्या तोंडाने हे चालू ठेवू?" मी डिकी लावली.

पूजा यथासांग झाली. पिवळ्या साड्या, पिवळे कुडते, छोटीशी मूर्ती. मुलांनी आपापली पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवली आणि दादाने, उत्साहाच्या भरात, आपलं समग्र साहित्य ठेवलं. तक्ते, कार्डं, साचे, सगळंच. आरती झाली, आईबाप हाताची घडी घालून खुर्च्यांवर बसले, आणि दादाने पहिला तक्ता उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात एका मुलाची कोलकात्याहून आलेली आजी कडाडली, "आज बोई छुँते नेई!" आज पुस्तकांना हात लावायचा नसतो. एकदा देवीच्या पायाशी ठेवली की उद्यापर्यंत वाचणं नाही, लिहिणं नाही. आपल्याकडेही दसऱ्याला पाटीपूजन झालं की अभ्यास नसतो, आणि लहानपणी मी हा एक धर्म अत्यंत निष्ठेने पाळला आहे. दादाने तक्ता म्हणजे पुस्तक नव्हे असा युक्तिवाद करून पाहिला. आजींनी तो ऐकूनही घेतला नाही. गंमत अशी की 'सरस्वतीपूजेच्या दिवशी अभ्यास वर्ज्य' हा दादाच्याच संग्रहातला तक्ता क्रमांक सतरा होता, आणि तोही तिथेच, देवीच्या पायाशी, लॅमिनेट होऊन पडला होता.

रिकाम्या हातांचा दादा मी प्रथमच पाहत होतो. तो मुलांसमोर उभा राहिला, स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि थांबला. पुढे काही येईना. कार्डाशिवाय त्याला बंगाली येतच नव्हतं. मुलं हिंदीत कुजबुजू लागली. एका वडिलांनी घड्याळ पाहिलं. दादाच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता, आणि देवाशप्पथ सांगतो, दोन वर्षं ज्याची यथेच्छ टर उडवली त्याच्यासाठी मला तेव्हा रडू यायच्या बेतात होतं.

पाठीमागे खिचडीचं पातेलं उघडलं गेलं. त्या वासाने पहिली फितुरी एका सहा वर्षांच्या मुलीने केली. ती उठून वहिनींकडे गेली आणि ताट पुढे करून म्हणाली, "आंटी, मुझे पहले." वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आगे बोशो. गॉरोम आछे." आधी बस, गरम आहे. मुलगी बसली. वहिनींनी वाढलं आणि फुंकर मारून खा असं सांगितलं, तेही बंगालीत. मग दुसरं पोरगं आलं, त्याला वांग्याची भजी नको होती. वहिनी म्हणाल्या, ते नीट सांग. त्याने अडखळत बंगालीत सांगितलं, आणि तरी त्याला एक भजं मिळालंच. पाच-सात मिनिटांत सगळा वर्ग पातेल्याभोवती बसला होता आणि "आरेकटू दाओ, आरेकटू दाओ" म्हणजे अजून थोडं द्या असा गलका चालू होता. वहिनी कोणाला दटावत होत्या, कोणाला काहीतरी सांगून हसवत होत्या. इतक्या भरभर बोलताना, इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आईबापांच्या हातांच्या घड्या सुटल्या. कोलकात्याच्या आजी पदराने डोळे पुसत होत्या, किंवा खिचडीच्या वाफेने त्यांना तसं झालं असेल, मला नक्की सांगता येणार नाही.

दादा तक्त्याच्या रिकाम्या स्टँडजवळ उभाच होता. जागचा हलला नाही. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर वहिनींचं त्याच्याकडे लक्ष गेलं. डाव हातातच धरून त्यांनी विचारलं, "तुमी खाबे ना?"

दोन वर्षं बंगालीचे वर्ग घेतलेला माणूस गोंधळून मराठीत म्हणाला, "काय?"

एरवी वहिनींनी लगेच मराठीत, 'तुम्ही खाणार नाही का?' असं सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी तेच तीन शब्द पुन्हा म्हटले, एकेक सुटा करून, त्याला समजेल इतक्या सावकाश, आणि उत्तराची वाट पाहत थांबल्या. दादाने ओठ हलवून आधी स्वतःशीच म्हणून पाहिलं. "खाबो," तो म्हणाला. खाईन. मग तो त्या बारा मुलांच्या रांगेत, शेवटी, मांडी घालून बसला. मी खिडकीबाहेर बघू लागलो, कारण त्या दोघांकडे त्या वेळी कोणी बघू नये असं मला वाटलं.