दत्तोबाचा ताळेबंद

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही — म्हणूनच बहुधा सांगवतंय.

विंझरला माझं दुकान होतं. पुढं मीठ, गूळ, रॉकेल असलं सटरफटर. खरा धंदा मागच्या वखारीत, हिरड्याचा. डोंगरातली माणसं हिरडा वेचून, वाळवून आणायची. मी वजन करून घ्यायचो आणि भाव बरा आला की बैलगाड्या भरून पुण्याला धाडायचो. हिरडा किती वाळलाय हे मी डोळे मिटून सांगे. कागदापुढं मात्र — नंदीबैल. सही येई, अक्षरं-आकडेही वाचता येत, पण या आकड्याचा त्या आकड्याशी संबंध काय, ते कळत नसे.

हिशेबाला दत्तोबा होता. भोंगवलीचा, भोरला संस्थानच्या शाळेत शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीला वह्या पुजायच्या आधी तो वर्षाचा ताळेबंद मांडायचा — काय आलं, काय गेलं, काय उरलं, कुणाचं किती देणं. मग मला समोर बसवून एकेका ओळीवर बोट ठेवत समजवायचा. शेवटी विचारायचा, "मालक, ध्यानात आलं न्हवं?" मी म्हणायचो, आलं. सात वर्षं आलं म्हटलं. एकदा 'नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पगार देणारा मी — पगार घेणाऱ्यापुढं अडाणी कसं दिसायचं?

आठव्या वर्षी त्यानं नफा दाखवला साडेतीनशे रुपये. मी खूश होऊन गल्ला उघडला, तर आत बेचाळीस रुपये आणि चिल्लर. मग बाकीचे गेले कुठं? नफा म्हणजे पैसा, आणि पैसा म्हणजे गल्ला — माझी अक्कल एवढीच. त्यालाच नीट विचारावं, तेही नाही. बाजारच्या दिवशी, भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत मी त्याला चोर म्हणालो.

त्यानं वखारीकडं बोट केलं. "मालक, पैका वखारीत हाय. पोती बगा की," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, बोलण्यात गुंडाळतोय. वखार भरलेली मला दिसत नव्हती का? भाव चढेल म्हणून माल रोखला होता तो मीच ना? पण मी म्हणालो, देवळात चल, बेलभंडार उचल. तो आला. ओलेत्यानं, गावासमोर, त्यानं बेलभंडार उचलला. आणि मी — हे सांगताना आजही मान खाली जाते — मी शेजारच्यांना म्हणालो, हात कापला त्याचा, पाहिलंत ना? हात खरंच कापला होता. अपमानानंही हात कापतो हे मला कळत नव्हतं, असं नाही.

दत्तोबा गावी गेला. माघात भाव चढला, मी सगळा माल विकला. गाड्या भरताना पोती मोजली, एक्केचाळीस. का कोण जाणे, पैसे आल्यावर तो ताळेबंद काढून बसलो. एक ओळ होती — शिल्लक माल, वखारीत, पोती एक्केचाळीस. पुढं खरेदीच्या भावानं किंमत. वर्षभर कमावलेलं मीच पुन्हा हिरडा घेण्यात घातलं होतं, आणि त्यानं ते त्या ओळीत मांडून ठेवलं होतं. पै इकडची तिकडे नव्हती.

त्याच दिवशी गाडी जुंपून भोंगवलीला जायला हवं होतं. गेलो नाही. तुझ्यावर खोटा आळ घेतला, एवढं कदाचित म्हणालो असतो. पण आळ का घेतला? मला ताळेबंद कळत नव्हता म्हणून — हे गावात कसं सांगायचं?

उलट मी त्याचेच आठ वर्षांचे कागद पुढ्यात घेऊन शिकलो. ओळीओळीनं. दोन वर्षांत असा तयार झालो की लोक आपले हिशेब माझ्याकडं तपासायला आणू लागले.

पुढं खोऱ्यात लोकांनी मिळून सोसायटी काढायची ठरवली. कारकून हवा होता. दत्तोबा आला. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं — मधल्या काळात कुणी त्याच्या हाती वही दिली नव्हती, दुसऱ्याच्या रानात मजुरी करत होता. धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसला. आत बैठकीत म्हातारे माझ्याकडं वळले. "तुमच्याकडं हुता न्हवं? माणूस कसा हाय?"

एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "माझं तोंड कशाला उघडायला लावता?"

सगळे समजले. ओसरीवर ऐकू गेलं असणारच, दार उघडंच होतं. तो उठला, वहाणा घातल्या, दारातून मला म्हणाला, "येतो मालक," आणि पायवाटेला लागला.

दत्तोबाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भोंगवलीत त्याच्या घराला अजून 'हिशेब खाल्लेल्याचं घर' म्हणतात. मी त्या वाटेनं जातो, ऐकतो. त्यानं माझा एक पैसाही खाल्ला नव्हता, आणि बैठकीत मला विचारलं तेव्हा ते मला ठाऊक होतं.