सहा ओहम, तीन ओहम

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात डबा उघडत होते. "ये गं," एवढंच म्हणाली. पहिल्या झटक्याच्या वेळी तिने हॉस्पिटल, मजला, डॉक्टर, सगळं सांगितलं होतं. या वेळी काहीच सांगितलं नाही, म्हणून समजलं. मुलुंडला पोचेपर्यंत दादा गेलेला होता... त्याला आता पाच आठवडे झाले.

दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. दहावीला मला समांतर जोडणी काही केल्या कळेना. दोन रेझिस्टर म्हणजे दोन अडथळे, मग एकूण अडथळा कमी कसा होतो? रडकुंडीला आले होते. तो म्हणाला, "गावची पंगत आठव. पान सगळ्यांना सारखंच वाढतात ना? ते व्होल्टेज. कोण किती जेवतो ते ज्याच्या त्याच्या पोटावर, तो करंट. आता शेजारी दुसरी पंगत बसवली, तर एकूण जेवण जास्त उठणार की कमी?" मी म्हटलं, जास्त. "मग अडथळा कमीच झाला ना, बावळट." उत्तर तपासायची त्याची एक ठरलेली रीत होती. सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षा उत्तर लहान यायला हवं. नाही आलं तर वाट लागली, परत कर.

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं. त्याच्या ओळखीचं काहीतरी करायला द्या, असं थेरपिस्ट बाई म्हणाल्या. मी एक वही आणली आणि दर शनिवारी घाटकोपरहून जाऊन त्याला गणित घालायला लागले. सहा ओहम आणि तीन ओहम समांतर, बॅटरी सहा व्होल्टची. एकूण दोन ओहम, हे तो एरवी चहा गाळता गाळता सांगायचा. आता डाव्या हाताने लिहायचा, नऊ. सरळ बेरीज. मग त्या नऊकडे बघत बसायचा. "लहान... लहान हवं," म्हणायचा आणि स्वतःच खोडायचा. पुन्हा नऊ, पुन्हा खोडायचा. सोडवायची रीत पार पुसली गेली होती, पण चूक ओळखायची अक्कल तेवढी शाबूत राहिली होती. देवाने न्यायचं तर दोन्ही न्यायचं होतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. उत्तर सांगायला गेलं की वही ढकलून द्यायचा. त्याचं एक गणित, फक्त एक, बरोबर यावं, एवढंच मला हवं होतं. महिनोन् महिने आलं नाही.

शेवटी मी लबाडी केली. एका शनिवारी सहा आणि तीन एकापुढे एक जोडून आकृती काढली. एकसर जोडणी, म्हणजे बेरीजच करायची, नऊ हेच उत्तर. दादाने आकृती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने तीनचा रेझिस्टर खोडला आणि तो खाली, वेगळ्या फांदीवर काढला. "असं," म्हणाला. आणि पुढे काही जमेना... घाम पुसत बसला. माझं डोकं फिरलं. त्याच्यावर की माझ्यावर, ते सांगता येणार नाही. "मरू दे ते गणित," म्हणाले मी. हो, हेच शब्द. निघताना वहिनीला दारातच सांगितलं, वही उचलून ठेव, आता नको हे. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं नुसता टीव्ही बघत बसलो. त्याने वहीचं नाव काढलं नाही, मीही नाही. बुधवारी तो फोन आला.

परवा त्याचं कपाट आवरताना वही निघाली. वहिनी म्हणाली, "त्या दिवशी तू गेल्यावर हे वही घेऊनच बसले, जेवायची वेळ टळली तरी उठले नाहीत. शेवटी मीच ओढून घेतली." मी ते पान उघडलं. त्याने बदललेल्या आकृतीत वरच्या फांदीशी वेडंवाकडं लिहिलं होतं, सहा व्होल्ट. खालच्या फांदीशीही सहा व्होल्ट. करंटच्या जागा कोऱ्या होत्या. पण समांतर जोडणीत व्होल्टेज दोन्हीकडे सारखंच असतं. नऊ नाही, खाडाखोड नाही. मी गेल्यावर, एकट्याने बसून... अर्धं गणित त्याने सोडवलं होतं.

"बरोबर आहे का गं हे?" वहिनीने विचारलं.

मी हो म्हटलं.

"ह्यांनी पण तेव्हा मला तेच विचारलं होतं," ती म्हणाली. "मला कुठे यातलं काही कळतं."