सहा पावलं आत

एडविन रटरने बावीस वर्षं आमच्या गावची बुधवारची पायी फेरी चालवली, आणि ती त्याच्याकडून मी हिरावून घेतली. गावात विचाराल तर लोक म्हणतील, वय झालं बिचाऱ्याचं, डोकं चालेना. त्याचं डोकं ठणठणीत होतं. माझं तोंड उघडत नव्हतं, एवढीच खरी गोष्ट आहे.

एडविन ॲनिक शहराहून किनाऱ्यावरच्या आमच्यासारख्या गावांना जाणारी बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच बुधवारी तो बंदराच्या वाहनतळावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साडेदहाला निघणार. कुणासाठी थांबणार नाही." पहिल्या दिवशी तीन माणसं आली, त्यांतली एक मी. पुढे पंधरा-वीस यायला लागली. सात मैलांची गोल चक्कर. बंदरापासून वाळूच्या टेकड्यांतून, मग दोन मैल उघडी पुळण, तिथून ओढा ओलांडून पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आणि मेंढ्यांच्या कुरणातून परत बंदरावर चहाला. आल्या वाटेने माघारी फिरणं आमच्यात कमीपणाचं समजतात. खालच्या गावची मंडळी एकदा गारपिटीत अर्ध्यावरून परतली, तर आम्ही अजून त्यांना चिडवतो.

बारा महिने अर्धी विजार आणि खिशात दुसऱ्या कुणाचे पाय भिजले तर द्यायला कोरडे मोजे, असा हा माणूस. जीभ मात्र तिखट. "ग्लॅडिस, चढावर माझी बससुद्धा तुझ्यापेक्षा जोरात जायची," असं तो दर बुधवारी म्हणायचा. "तुझी बस धूर सोडायची, मी सोडत नाही," असं ग्लॅडिसही दर बुधवारी सुनवायची.

मे ते जुलै त्याच्याकडे आणखी एक काम असायचं. छोटे सुरय पक्षी आफ्रिकेतून येऊन आमच्या पुळणीवर अंडी घालतात. घरटं कसलं, वाळूतला एक खळगा. म्हणून राखीव क्षेत्राची राखणदार फ्रेया तिथे खुंट्या ठोकून दोरी बांधते. घरटी दोरीच्या आत, माणसांची वाट बाहेर पाण्याच्या कडेने. भरतीचं पाणी पुढे-मागे होतं तशी दोरीही हलवावी लागते, आणि ते काम दर सोमवारी एडविन करायचा. युद्धाच्या वेळचा एक काँक्रीटचा ठोकळा तिथे अजून पडून आहे. त्याच्यापासून समुद्राकडे पावलं मोजायची, खुंट्या रोवायच्या आणि वहीत आकडा लिहायचा.

गेल्या जूनमध्ये त्याचा गुडघा सुजला. "थेल्मा पोरी, आज तू पुढे हो," तो म्हणाला. चौसष्टाव्या वर्षी मला पोरी म्हणणारा तो एकटाच. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या दिवशी उधाण होतं आणि वर पूर्वेचा वारा. शेवटच्या टेकडीचं वळण घेऊन मी एकटी पुढे आले. बाकीचे तेरा जण मागे आडोशाला रेनकोट चढवत होते. बघते तर दोरी आणि पाणी यांच्यात वाटच नाही, नुसता फेस. माघारी फिरायला हवं होतं. पण पहिल्यांदाच मी पुढे, आणि बंदरावर एडविन चहा घेऊन बसलेला. तो काय काय बोलेल ते मला तिथेच ऐकू यायला लागलं. मी चार खुंट्या उपटल्या आणि सहा पावलं आत नेऊन रोवल्या. आधी नीट बघितलं होतं हं मी. वाळू आणि गोटे, दुसरं काही नव्हतं. सुरयचं अंडं हुबेहूब गोट्यासारखं दिसतं, हे पाहुण्यांना शंभरदा सांगितलेली बाई मी! मग मंडळी आली आणि दोरीच्या कडेकडेने शिस्तीत चालत गेली.

खुंट्या नंतर जागेवर लावू, असं मनात होतं. पण गोल फेरीत त्याच जागी परत येणं होत नाही. संध्याकाळी गाडी काढून जाता आलं असतं. पाऊस होता, ओव्हनमध्ये मटण होतं. उद्या जाऊ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावच्या हॉलमध्ये कॉफी घेत बसलो होतो, तिथे फ्रेया आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"एडविन, सोमवारी खुंट्या तूच लावल्यास ना?"

"मीच. का गं?"

"तीन घरटी चिरडली. दोरी सहा पावलं आत आहे."

एडविनने वही काढली. "एक्केचाळीस लिहिलंय."

"मी दोनदा मोजलं. पस्तीस भरतात." मग ती माझ्याकडे वळली. "थेल्मा, काल तुला काही वेगळं दिसलं का?"

माझ्या तोंडात स्कोनचा घास होता. तो मी गिळला. "नाही गं, दोरी होती तशीच होती," मी म्हणाले.

एडविनने वही मिटली. मग कुणीही न विचारता म्हणाला, "माझंच चुकलं असणार." तो उठून गेल्यावर ग्लॅडिस हळूच म्हणाली, "त्याच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी बायकोला पोस्टमन समजायचा." मी मान डोलावली. त्या मानेची मला खुंट्यांपेक्षाही जास्त लाज वाटते.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. दोनदा मी त्याच्या दारापर्यंत गेले आणि घंटी न वाजवता परतले. डॉक्टरांनी त्याला तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण त्याला पटेना. "ते वार विचारतात, महिना विचारतात. माझी दोरी कुठे बघितलीय त्यांनी?" असं तो म्हणत असल्याचं कानावर आलं. गाडीची किल्ली त्याने पुतणीकडे दिली. पाळलेली कुत्रीही पुतणीकडेच पाठवली, का तर आपण तिला खायला घालायचं विसरू. फेरी माझ्याकडे आली. मी ती चालवली, लोकांनी "छान चालवतेस" म्हटलं, आणि मी "थँक्यू" म्हणत राहिले. इतका निर्लज्जपणा माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. शुक्रवारी तो ॲनिकच्या वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करणार होता आणि घर विकायला काढणार होता. "जायच्या आधी तुला दोरीचं काम दाखवून ठेवतो," म्हणाला. "तू मोज. मी फक्त बरोबर येतो."

मंगळवारी सकाळी आम्ही दोघंच पुळणीवर गेलो. पक्षी अजून आले नव्हते. मी ठोकळ्यापासून पावलं टाकायला लागले, तर तोही माझ्या शेजारून पावलं टाकत ओठांतल्या ओठांत मोजत होता. बसच्या आरशात डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची सवय असलेला तो माणूस प्रत्येक दहा पावलांना थांबून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वीस?"

"वीस."

"तीस झाली ना गं? की मी एक खाल्लं?"

"तीसच झाली, एडविन."

एक्केचाळीसला आम्ही बरोबरच थांबलो. त्याने हातातली खुंटी माझ्यापुढे धरली. "तूच रोव. माझा भरवसा नाही."

मला ती खुंटी घेववेना. मी म्हणाले, "तुझं चुकलं नव्हतं. त्या बुधवारी पाणी वर आलं होतं. मी चार खुंट्या उपटून आत लावल्या. अंडी आमच्या पायाखाली गेली. फ्रेयाशी मी खोटं बोलले."

"परत सांग."

मी परत सांगितलं. "अजून एकदा," तो म्हणाला. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं, आणि आपण कुणासाठी रडतोय या विचाराने त्या रडण्याचीही लाज वाटली.

"म्हणजे त्या सोमवारी एक्केचाळीसच होती?"

"एक्केचाळीसच होती."

"आणि नऊ-दहा महिने तुला हे माहीत होतं."

"हो."

तो खाली ओल्या वाळूवर बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि देऊ दे असंच वाटत होतं. उद्या साडेदहाला वाहनतळावर सगळ्यांसमोर सांगते, फ्रेयाकडे आत्ता जाते, शुक्रवारी सही करू नकोस, असं मी भरभरा बोलत सुटले. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"रोज सकाळी उठलो की डोळे मिटूनच मी आधी स्वतःचं नाव आठवून बघायचो, थेल्मा," तो म्हणाला. "आठवलं की मगच चहा ठेवायला उठायचो."