जाऊबाईंची चोरचोळी

एकोणीसशे तीसच्या आसपास नागावच्या वाडीत मी धाकटी सून म्हणून आले, तेव्हा थोरल्या जाऊबाईंच्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. पुढे माझे दोन झाले. लोक काय, बोलायला टपलेलेच! पण त्या माउलीनं माझ्या पोरांचा कधी हेवा केला नाही. दोघांना न्हाऊमाखू त्याच घालायच्या.

चालता चालता छातीवर हात ठेवून त्या थांबायच्या. "धडधडतंय गं," म्हणायच्या. विहिरीवरून कळशी आणली की मानेची शीर उडताना मला दिसायची, तीही एका लयीत नाही, कशीही. सासूबाई म्हणायच्या, कामचुकारपणा. मेलं, मीही हसले होते. चार वर्षं हे असंच चाललं. काळीज असं बेफाम पळत राहिलं तर कधीतरी थकेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

एका दिवाळीनंतर त्यांचे पाय सुजले. दम लागायला लागला, जेवण नकोसं झालं, पोट वर आलं आणि कावळा शिवायचाही थांबला. झालं! उठता बसता टोचून बोलणाऱ्या सासूबाई त्यांना पाटावरून उठू देईनात. चोरचोळीची घाई मात्र माझी. पहिलटकरणीला ही चोळी गुपचूप घालायची असते, गाजावाजा करायचा नसतो. हिरवा खण मीच आणवला, मीच शिवला. चोळी घातल्यावर जाऊबाईंनी माझा हात धरून बेंबीच्या वर ठेवला. "बघ, हलतंय." धकधक हाताला लागत होती खरी. दोन बाळंतपणं झालेली बाई मी, मला कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, "लाथा मारतोय हो!"

पुढे आडवं झालं की त्या गुदमरायला लागल्या. तेव्हा मोठ्या दिरांनी गाडी जुंपून त्यांना अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मी. डॉक्टर मनगट धरून बराच वेळ बसले, पोटावर बोटांनी ठोकून बघितलं. मग दिरांना आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "मूल नाही. पाणी भरलंय. नाडी वर्षानुवर्षं वेडीवाकडी पळतेय, त्यानं काळीज दमलं. हे थेंब एक दिवसही चुकवू नका. नाडी आवरली तर अजून सावरेल."

दीर बैलांकडे वळले. सांगायचं माझ्यावर आलं. जाऊबाई गाडीत पोटावर पदर ओढून बसल्या होत्या. मी म्हटलं, "दम्याचे थेंब दिलेत." घरी सासूबाईंनीही बजावलं, तिला कळता कामा नये, हाय खाईल.

थेंबांनी गुण आला. पंधरा दिवसांत सूज उतरली, त्या आडव्या झोपू लागल्या. मला केवढा आनंद! आणि त्या रडत होत्या. "पोट उतरतंय गं माझं. हे थेंब बाळाला जाळतायत."

"काहीतरीच काय," म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यानंतर थेंबांचा पेला हातात घेऊन त्या परसात जायच्या आणि केळीच्या बुडाशी ओतायच्या. मला कळलं तेव्हा पोट पुन्हा तट्ट फुगलं होतं आणि त्या हसत होत्या. मी भांडले, पाया पडले, पोरांची शपथ घातली. खरं तेवढं सांगितलं नाही. आठवड्याभरात, सकाळी, खांबाला टेकून बसल्या बसल्या त्या गेल्या.

ओटी भरायला शेजारच्या बायका आल्या. आमच्याकडे पोटुशी गेली की वाटेवर मोहरी टाकत नेतात, तिनं मागे फिरू नये म्हणून. एकीनं मोहरी मागितली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यांच्या पोटात काही नव्हतं!" मी ओरडले. "पाणी होतं, पाणी! मला माहीत होतं."

मोहरी मागणारीनं पुढे केलेला हात मागे घेतला. हेच जाऊबाईंच्या तोंडावर बोलले असते तर त्या चार दिवस ढसाढसा रडल्या असत्या, मला शिव्या दिल्या असत्या, आणि थेंब घेतले असते.