नाक लावून पाहिलेलं चित्र

"मॅडम, मी माह्या पोरीशी खोटं बोललो," खुर्चीत बसायच्या आधीच लांजेवार सर म्हणाले.

मी भंडाऱ्यात डोळे तपासते. सर कारध्याचे, नदी ओलांडून येतात. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला गेलाय. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग. तो बिघडला की कडेकडेचं दिसतं, पण ज्याकडे बघावं तिथंच नेमका डाग. चष्म्यानं हे सुधारत नाही.

त्यांची मुलगी अर्चना मुंबईत चित्रं काढते. तिचं पहिलं प्रदर्शन लागलं आणि सर हौसेनं गेले. डोळ्यांचं तिला सांगितलंच नव्हतं.

"भिंतीएवढं चित्र, मॅडम. मले मधात सारं धुकं. जवळ गेलो तं गार्ड म्हणते, बाबा, मागे सरका. पोरगी बाजूले उभी. म्हणून टाकलं, छान आहे."

"मग बिघडलं काय?"

"अवो, जिंदगीत तिले छान म्हटलं नाही मी! चुकाच काढल्या. तिले वाटलं, बापानं पाहिलंच नाही. आता फोनवर जेवले का, इतकंच विचारते."

चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. मलाही भरून आलं. पण रडून कोणाची नजर येत नाही, म्हणून कामाला लागले.

"पोरीले सांगू का सर, डोळ्यांचं?"

"सांगा. लपवून कोणतं भलं झालं?"

मी फोन स्पीकरवर लावला, डोळ्यांचं सांगितलं आणि म्हटलं, चित्र पुन्हा दाखवू त्यांना. अर्चना आधी हादरली, मग एकदम मऊ झाली. "राहू द्या ना बाबा. आता कायले डोळ्यांले त्रास?" ही कीवच सरांना नको होती. तोंड कडू झालं त्यांचं. मी तरी त्या प्रदर्शनातल्या चित्राची मोठी फाईल मागवली आणि तिला म्हटलं, फोन ठेवू नकोस.

चित्र धानाच्या रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं होतं. टॅबलेटवर उघडलं आणि सवयीनं मी रंग उलटे केले. पेपर वाचायला आम्ही तसंच करून देतो, काळ्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे डोळे दिपत नाहीत.

"चिखल निळा? बायाही निळ्या? भुतांचा रोवणा होय का हा!" सर कडाडले.

अवं माय! घाईघाईनं रंग सुलटे केले, उजेड कमी केला, चित्र मोठं केलं. "आता चित्राकडे बघू नका. त्याच्या थोडं वर बघा." डाग बाजूला सरकवायची ही आमची युक्ती.

"जन्मभर पोराईले सरळ पाहा म्हटलं, अन् आता मीच तिरपा!" कुरकुरले, पण केलं. मग नाक काचेला टेकवून बोटानं चित्र सरकवू लागले. बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, एकेक कोपरा. इथं हाकलायला गार्ड नव्हता. बाहेरचे पेशंट खोळंबले, मी खोळंबू दिले.

"अर्चे!"

फोनमधून दचकून आवाज आला, "काय बाबा?"

"ह्या बाया समोर काहून चालून राहिल्या? रोवणा करणारी बाई मागं मागं सरकते. लावलेला धान तिच्यासमोर राह्यते. तुह्या बाया तं लावलेलं तुडवून राहिल्या! बांधीत जन्मली तू, अन् इतकं भुलली?"

मला वाटलं, गेलं आता सगळं. तेवढ्यात पोरगी रडायला लागली, आणि रडता रडता हसायला.

"इतक्या लोकांनी पाहिलं बाबा, कोणी बोललं नाही. पाहिलं तुम्ही. खरंच पाहिलं."

"पाहिलं ना. आभाळ बरं आहे."

सरांच्या तोंडून 'बरं' म्हणजे दिवाळीच.

आता ती प्रत्येक चित्र आधी वडिलांना पाठवते आणि शिव्या खाते. पोरांच्या आयांवर "मोबाईल काढून घ्या" म्हणून दिवसभर ओरडणारी मी, त्या दिवशी टॅबलेटवरचा सरांच्या नाकाचा डाग ओढणीनं पुसताना मनातून हात जोडले त्या यंत्राला. एक मात्र शिकले. आपल्या कामात कोणी खोट काढली, तर भांडायच्या आधी आभार मानावेत. तेवढ्या एका माणसानं ते नीट पाहिलेलं असतं.